लाइन क्लिअर
एका चुकलेल्या पॉवर-ऑफचा घटनाक्रम

ही 2012च्या डिसेंबरमधली एक रात्र आहे, शुक्रवारची. ठिकाण नवी मुंबईतलं महापे. तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये मी युनिक्स विभागाच्या रात्रपाळीचा प्रमुख होतो. ज्या बँकेची यंत्रणा आम्ही सांभाळायचो तिचं नाव इथे नको. चूक तिची नव्हती, माझी होती. रात्री 1 वाजून 22 मिनिटांनी मी चालत्या मशीनच्या पोटातला चालता बोर्ड बंद केला आणि बँकेची एटीएम जागच्या जागी थांबली.

त्या रात्रीच्या नोंदी माझ्या वहीत अजून आहेत. त्या वाचताना दर वेळी एकच गोष्ट टोचते. त्या सहा-सात तासांत मला अडवणारं काही ना काही पुन्हा पुन्हा समोर येत होतं, आणि मी प्रत्येक वेळी त्याला वळसा घालून पुढे गेलो.

सप्टेंबर 2012 | तीन महिने आधी

आधी मशीनची ओळख करून देतो. एचपी सुपरडोम. कंपनीने ते 2000 साली बाजारात आणलं. आमच्याकडे त्याची पुढची, इटॅनियम प्रोसेसरांची पिढी होती. माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी दोन कपाटं, प्रत्येकात आठ सेल. सेल म्हणजे चार प्रोसेसर आणि मेमरी बसवलेला जड बोर्ड. हे सोळा सेल हवे तसे एकत्र बांधून एकाच मशीनची अनेक स्वतंत्र मशीनं करता येतात. त्यांना पार्टिशन म्हणतात.

जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं हे. दारं वेगळी, चुली वेगळ्या, एकाच्या घरात काय शिजतंय ते दुसऱ्याला कळत नाही. मात्र मीटरखोली सगळ्यांची एकच. सुपरडोममध्ये ही मीटरखोली म्हणजे मॅनेजमेंट प्रोसेसर, आमच्या बोलण्यात एमपी. तिथे शिरणाऱ्याच्या हाती सगळ्या बिऱ्हाडांचे फ्यूज असतात.

आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं होती. एका कपाटातले आठही सेल मुख्य पार्टिशनचे. बँकेचा डेटाबेस आणि एटीएमचा कारभार त्यावर. दुसऱ्या कपाटातले पहिले चार सेल अहवालांचे आणि उरलेले चार चाचणी पार्टिशनचे. चाचणी पार्टिशनला आणखी एक काम होतं. मुख्य पार्टिशन कोसळलं तर त्याचा भार उचलायचा.

सप्टेंबरमध्ये ऑडिट होतं. इमारत सांभाळणाऱ्यांनी हॉलमधल्या प्रत्येक कपाटाच्या दारावर क्रमांकाचे स्टिकर लावले. आमच्या दोन कपाटांवर आले 1 आणि 2. मशीन मात्र कपाटं शून्यापासून मोजतं. त्याच्या लेखी ती होती 0 आणि 1. म्हणजे मशीन ज्याला 0 म्हणतं त्याच्या दारावर 1, आणि मशीन ज्याला 1 म्हणतं त्याच्या दारावर 2. मी ते पाहिलं. ‘बदलून घेऊ’ असं म्हणालोही. घेतलं नाही.

शुक्रवार, संध्याकाळी 6:40 | 6 तास 42 मिनिटं आधी

कामाचा मंजूर फॉर्म हातात आला. आठवडाभर चाचणी पार्टिशनच्या एका सेलमध्ये मेमरीच्या चुका वाढत होत्या. एका बिटाची चूक ईसीसी मेमरी स्वतःच दुरुस्त करते आणि लॉगमध्ये तशी नोंद टाकते. एकाच वेळी दोन बिट बिघडले तर मात्र ती दुरुस्ती होत नाही आणि पार्टिशन कोसळतं. म्हणून नोंदी वाढायला लागल्या की मेमरी बदलायची. काम नेहमीचंच. चाचणी पार्टिशन झोपवायचं, सेलची वीज काढायची, बोर्ड बाहेर घ्यायचा, मेमरी बदलून परत बसवायचा.

मशीनच्या लॉगमध्ये पत्ता स्वच्छ होता: कपाट 0, स्लॉट 6. फॉर्मवर लिहिलं होतं: कपाट 1, सेल 6.

फॉर्म भरणाऱ्याने स्लॉटचा आकडा लॉगमधून उचलला होता आणि कपाटाचा आकडा हॉलच्या नकाशावरून. पत्ता अर्धा मशीनच्या भाषेत, अर्धा माणसांच्या. खाली पाच सह्या होत्या, पाचवी माझी. पाचांपैकी एकानेही लॉग शेजारी ठेवून फॉर्म वाचला नव्हता. ‘धोका’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुख्य यंत्रणेला हात लागणार नाही.’

रात्री 9:30 | 3 तास 52 मिनिटं आधी

हॉलच्या दाराशी इलेक्ट्रिकलचे मामा भेटले. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. इथे येण्याआधी त्यांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून हयात काढली होती. रात्रीचं काम आहे कळल्यावर ते थांबले.

“लाइन क्लिअर घेतलं का, साहेब?”

खांबावर चढणारा माणूस सबस्टेशनकडून आधी परमिट घेतो. कोणत्या फीडरची वीज बंद केली, कुणी केली, किती वाजता केली, हे सगळं त्यावर येतं. ते हातात आलं तरी तो थेट तारेला हात लावत नाही. डिस्चार्ज रॉड टेकवून तार खरंच मेली आहे याची खात्री करतो, मगच चढतो. मामांच्या तोंडी ‘लाइन क्लिअर’ म्हणजे हे सगळं.

“फॉर्म मंजूर आहे, मामा,” मी म्हणालो.

“कागद झाला. लाइन कुणाची ते बघितलं का?”

मी मान डोलावली आणि वर कन्सोलच्या खोलीत गेलो. त्यांनी विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं होतं दुसऱ्याचंच.

रात्री 11:05 | 2 तास 17 मिनिटं आधी

डेटाबेस बघणाऱ्या मॅडमशी फोनवर वेळापत्रक ठरलं. साडेबारा ते तीन एवढी वेळ आमची. तीननंतर वाशीच्या एपीएमसी बाजाराच्या आसपास एटीएमवर गर्दी वाढू लागते. गाड्या रात्रीच येतात आणि पहाटेच्या आत रोखीचे व्यवहार सुरू होतात. तोवर सगळं जागेवर हवं.

चाचणी पार्टिशन बंद असेपर्यंत मुख्य पार्टिशनला पाठीराखा नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लस्टरमधून, म्हणजे मुख्य आणि पाठीराख्याच्या जोडीतून, चाचणी पार्टिशन तात्पुरतं बाजूला काढलं. अडीच तासांचाच प्रश्न आहे, मुख्य पार्टिशनला कुणी हात लावणार नाही, असा हिशेब होता. म्हणजे आमची सगळी सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी होती. बंद करायचा सेल बरोबर निवडला जाणं.

रात्री 12:34 | 48 मिनिटं आधी

माझ्या धाकट्या सहकाऱ्याने चाचणी पार्टिशन बंद केलं. नोकरीतलं त्याचं पहिलंच वर्ष होतं. काम करताना तो ओठांतल्या ओठांत कमांड पुटपुटायचा.

एचपी-यूएक्स या आमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पार्टिशन बंद करण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांत एकेका अक्षराचा फरक आहे. शटडाउनला नुसता लहान आर दिला तर ते बंद होऊन पुन्हा उठतं. मोठा आर आणि मोठा एच असे दोन्ही दिले तर बंद होऊन बंदच राहतं. त्याचे सेल बूटच्या उंबरठ्यावर अडवून ठेवलेले असतात, आणि अशाच निष्क्रिय सेलची वीज बिनधोक काढता येते.

कन्सोलवरच्या ओळी थांबल्या. पोरगा म्हणाला, “झालं, सर.”

इथे नियमाने आणखी एक काम होतं. एमपीमध्ये जाऊन व्हीएफपी उघडायचं. तो प्रत्येक पार्टिशनचा आभासी दर्शनी फलक आहे. कोणता सेल कोणत्या अवस्थेत आहे ते त्यावर ओळीने दिसतं. काम अर्ध्या मिनिटाचं. मी ‘बोर्ड काढायच्या आधी बघू’ म्हणून ते पुढे ढकललं.

रात्री 12:52 | 30 मिनिटं आधी

मेमरी बदलायला येणाऱ्या फील्ड इंजिनिअरचा फोन आला. तो ठाण्याहून निघाला होता. रबाळ्याजवळ कंटेनर आडवा झाल्याने ठाणे-बेलापूर रस्ता तुंबला होता.

तो हॉलमध्ये नसल्यामुळे फॉर्मवरची चौथी पायरी अडली. फ्रूलेड नावाची कमांड आहे. पत्ता दिला की ती त्या सेलवरचा लक्षवेधी दिवा लुकलुकवते. खाली हॉलमध्ये उभा असलेला माणूस दिवा बघतो, त्यावर बोट ठेवतो आणि कपाट-स्लॉट मोठ्याने वाचतो. वर कन्सोलवर बसलेला माणूस पडद्याशी ताडून घेतो. मशीनचा पत्ता आणि माणसाचा पत्ता एक आहेत की नाहीत, हे पक्कं करणारी पूर्ण फॉर्ममधली ही एकमेव पायरी होती.

खाली कुणी नव्हतं. मी त्या पायरीपुढे लिहिलं, ‘नंतर’.

रात्री 1:06 | 16 मिनिटं आधी

अहवालांच्या पार्टिशनमधून मी फ्रूपॉवर चालवली. फॉर्म समोर धरून पत्ता टाकला: कपाट 1, स्लॉट 6. वीज बंद.

मशीनने नकार दिला. सेल सक्रिय आहे, बंद करता येणार नाही.

फ्रूपॉवर ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूची कमांड आहे आणि ती सांभाळून वागते. पार्टिशनमध्ये काम करत असलेल्या सेलची वीज ती काढू देत नाही. निष्क्रिय सेल किंवा कुणालाच न दिलेला सेल असेल तरच हुकूम मानते. त्या रात्री तिने आपलं काम चोख केलं. माझ्या बोटांना मुख्य पार्टिशनच्या दारात धरून ठेवलं.

मी पोराकडे वळलो. “मोठा एच दिला होतास ना?”

“दिला होता, सर.” मग माझा चेहरा बघून म्हणाला, “बहुतेक.”

ते ‘बहुतेक’ मी त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं. त्याने एच दिला होता. चाचणी पार्टिशन शांत झोपलेलं होतं. मशीन मला सांगत होतं की हा सेल जागा आहे. चाचणीचे सेल झोपलेले असतील, तर हा जागा सेल कुणाचा? एवढाच प्रश्न विचारायचा होता. पारस्टेटस ही कमांड दिली असती तर सोळाही सेल आपापल्या मालकाच्या नावासह समोर आले असते. व्हीएफपीवर चाचणीचे चारही सेल थांबलेले दिसले असते.

मी एवढंच धरून चाललो की पोराने चूक केली, पार्टिशन पुन्हा उठलं, आणि आता त्याला सरळ वीज काढूनच बसवावं लागेल. चाचणीचंच तर आहे, कोसळलं तर कोसळलं.

रात्री 1:15 | 7 मिनिटं आधी

फील्ड इंजिनिअर धापा टाकत आला आणि सरळ हॉलमध्ये गेला. स्टिकर 1 असलेल्या कपाटापुढे, म्हणजे योग्य कपाटापुढे, उभा राहिला. कारण त्याच्या हातातला फॉर्म आणि समोरचं स्टिकर तंतोतंत जुळत होतं.

त्याने मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला आणि त्याची क्लिप कपाटाच्या सांगाड्याला लावली. तो जुना जाणता माणूस होता. नव्यांना तो नेहमी सांगायचा की सेल बंद झाला म्हणून कपाट मेलं असं समजू नका. आत 48 व्होल्ट डीसीचा पुरवठा इतर सेलांसाठी चालूच असतो. कपाटाचं स्विच बंद केलं तरी हाउसकीपिंगची वीज राहते, कारण एमपी तिच्यावरच जागा असतो. पूर्ण वीज जायला मागचे ब्रेकर खाली यावे लागतात.

फोन स्पीकरवर होता. “सर, मी कपाट 1 समोर आहे. सेल 6. बंद करा.”

मी म्हणालो, “कपाट 1, सेल 6. करतो.”

आम्ही दोघं एकच वाक्य बोलत होतो आणि दोन वेगळ्या बोर्डांबद्दल बोलत होतो.

रात्री 1:19 | 3 मिनिटं आधी

मी मीटरखोलीत शिरलो. एमपीच्या मेनूतून कमांड मेनू, आणि तिथे पीई. ही कमांड कपाटाची, सेलची किंवा आय-ओ चॅसीची वीज चालू-बंद करते. तिला बिऱ्हाडांशी देणंघेणं नाही. पार्टिशन जागं आहे की झोपलेलं, हे ती बघत नाही. ती अशीच असायला हवी. सगळं अडकून पडलेलं असतं, ऑपरेटिंग सिस्टिम उत्तर देत नसते, तेव्हा कुणीतरी बिनशर्त ऐकणारं लागतं. पण म्हणूनच तिच्यापाशी जाण्याआधीच सगळे प्रश्न विचारून झालेले हवेत.

तिने विचारलं, कपाट, सेल की चॅसी? मी सेल निवडला. कपाटाचा क्रमांक? 1. स्लॉट? 6.

पडद्यावर ओळ आली. कपाट 1, स्लॉट 6 मधल्या सेलची वीज चालू आहे, ती कोणत्या स्थितीत हवी? त्या ओळीत पार्टिशनचं नाव नव्हतं.

पोरगा माझ्या खांद्यामागे उभा होता. हळूच म्हणाला, “सर, एकदा व्हीएफपी बघू या का?”

घड्याळ बघत मी म्हणालो, “वेळ नाही.”

रात्री 1:22 | शून्य

मी ‘ऑफ’ टाइप केलं आणि एंटर दाबलं.

पार्टिशनची मेमरी सेलांवर पत्ते पिसून वाटावे तशी विखुरलेली असते. वेग मिळावा म्हणून एकेका कामाचा डेटा आठही सेलांवर थोडाथोडा पडतो. त्यामुळे आठातला एक सेल गेला म्हणजे आठवा हिस्सा गेला, असं होत नाही. प्रत्येक कामाच्या मधोमध भोक पडतं. मुख्य पार्टिशन त्याच क्षणी कोसळलं.

मला ते लगेच कळलं नाही. स्पीकरवर हॉलमधल्या पंख्यांची घरघर होती. मग फील्ड इंजिनिअरचा आवाज आला.

“सर, दिवा हिरवाच आहे.”

“कसला?”

“सेल 6 चा. पॉवरचा दिवा. बंद झालाच नाही.” थोडा वेळ तो गप्प होता. “सर, माझ्या मागच्या कपाटात काहीतरी बंद झालंय.”

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी फॉर्मकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि सप्टेंबरमधलं स्टिकर डोळ्यांपुढे आलं.

रात्री 1:24 | 2 मिनिटांनंतर

मॅडमचा फोन आला. “डेटाबेस गेला. एटीएम एकही उत्तर देत नाहीये. तुम्ही काय केलंत?”

मी म्हणालो, “चुकीचा सेल बंद केला. मुख्य पार्टिशनचा.” ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं हे त्या रात्री मी केलेलं पहिलं नीट काम. त्यानंतर कारण शोधण्यात कुणाचाच वेळ गेला नाही.

रात्री 1:26 | 4 मिनिटांनंतर

हात शिवशिवत होते. पीई अजून समोर उघडंच होतं. तोच पत्ता, या वेळी ‘ऑन’, आणि दोन सेकंदांत सेल परत. कळफलकाकडे माझी बोटं गेलीसुद्धा होती.

“थांबा, सर,” फील्ड इंजिनिअर स्पीकरवरून म्हणाला. “आधी काय कोणत्या अवस्थेत आहे ते बघू. आता घाई नको.”

या सल्ल्याची किंमत पुढे जगाने पाहिली. 27 मे 2017 रोजी हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये वीज गेली आणि ब्रिटिश एअरवेजची यंत्रणा बंद पडली. सुट्टीच्या त्या शनिवार-रविवारी सुमारे 75,000 प्रवासी अडकले. तिच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं की वीज तुटण्यापेक्षा मोठं नुकसान ती अनियंत्रितपणे परत आल्यामुळे झालं. बंद करणं चुकलं तर एक आपत्ती येते. घाबरून चालू करणं चुकलं तर तिच्यावर दुसरी.

आम्ही वही उघडली. वेळ, कमांड, पत्ता, सगळं लिहिलं. मग प्रथमच व्हीएफपी उघडलं. चाचणी पार्टिशनचे चारही सेल बूटच्या उंबरठ्यावर शांत उभे होते, पोराने 12:34ला ठेवले होते तसेच.

मी त्याच्याकडे बघितलं. म्हणालो, “तू बरोबर होतास.” त्याने काही उत्तर दिलं नाही.

रात्री 1:41 | 19 मिनिटांनंतर

निर्णय झाला. मुख्य पार्टिशनच्या मागे लागायचं नाही. चाचणी पार्टिशन धडधाकट आहे. त्याच्या एका सेलमध्ये मेमरी कुरकुरते आहे, पण चुका अजून आपोआप दुरुस्त होत आहेत. डेटा सामायिक स्टोरेजवर सुरक्षित आहे. भार तिकडेच घ्यायचा.

यात नशीबही होतं. फील्ड इंजिनिअरने हिरवा दिवा बघून बोर्डाला हात लावला नव्हता. दिवा न बघता, माझ्या ‘करतो’ या शब्दावर विसंबून त्याने चालू सेल ओढला असता, तर पाठीराखाही हातचा गेला असता. मुख्य आणि पर्यायी, दोन्ही एकाच चुकीच्या दोन टोकांना मेले असते.

पार्टिशन क्रमांक दोघांनी मोठ्याने वाचला, तेव्हा कुठे बीओ ही कमांड दिली. सेल उंबरठा ओलांडून बूट व्हायला निघाले.

रात्री 2:10 | 48 मिनिटांनंतर

ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली. एवढ्या मेमरीची तपासणीच इतका वेळ खाते. त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काही नसतं. पडद्यावर आकडे सरकतात आणि फोन वाजत राहतो. मामा तीन कप चहा घेऊन आले, टेबलावर ठेवून काहीही न विचारता गेले.

पहाटे 3:12 | 1 तास 50 मिनिटांनंतर

डेटाबेस उघडला. मध्येच मेलेल्या डेटाबेसला आधी आपल्या रोजनाम्यातून जावं लागतं. जे व्यवहार पक्के झाल्याची नोंद आहे ते पुन्हा घडवायचे, जे अर्धवट होते ते पुसायचे. नियम चोख आहे. पण तो डेटाबेसच्या भिंतीच्या आतल्या गोष्टींपुरता. खात्यातून पैसे वजा झाल्याची नोंद पक्की झाली, आणि ‘दे पैसे’ हा निरोप एटीएमपर्यंत पोचण्याआधी मशीन कोसळलं, तर डेटाबेसच्या लेखी तो व्यवहार पुरा झालेला असतो.

पहाटे 3:50 | 2 तास 28 मिनिटांनंतर

पहिल्या एटीएमने पैसे दिले. अर्ध्या ताकदीवर, रेंगाळत का होईना, गाडं सुरू झालं. मुख्य पार्टिशन आम्ही दुसऱ्या रात्री उठवलं. आधी ते रीकॉन्फिगसाठी रीसेट केलं, मग सेलची वीज चालू केली, आठही सेल उंबरठ्यावर आलेले पाहिले आणि मगच बूट. कुठेही घाई केली नाही.

शनिवार, सकाळी 7:15

घरी जाताना वाशीला उतरलो. बाजाराच्या बाहेरच्या एटीएमपाशी आठ-दहा माणसं होती. पन्नाशीतला एक हमाल, खांद्यावर गोणपाट, हातात दोन चिठ्ठ्या घेऊन जो येईल त्याला विचारत होता. मी वाचायला घेतल्या. पहिलीवर व्यवहार पूर्ण झाला नाही असं होतं. वेळ 01:21. दुसरी पहाटेची, खात्याचा तपशील. दोन हजार रुपये वजा.

“पैसं आलं नाय आन् खात्यातनं गेलं. ह्ये कसं काय, साहेब?”

हे कसं ते तिथे माझ्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलं की दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा, आजच शाखेत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेचा तेव्हा नियम होता, तक्रारीपासून सात कामकाजाच्या दिवसांत पैसे परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. त्यांनी सात हा आकडा ऐकला आणि मान हलवली. “सात दिस,” एवढंच म्हणाले. त्यांचा आठवडा त्या दोन हजारांवर होता.

मी माझी ओळख सांगितली नाही. ते मला अजून खुपतं.

आणि मग

चौकशीत मी सगळं लिहून दिलं आणि त्यात एक गोष्ट ठासून लिहिली. फ्रूपॉवरने दिलेला नकार ही त्या रात्रीची सगळ्यात मोलाची माहिती होती आणि मी तिला अडथळा समजलो. मशीन ‘नाही’ म्हणतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. ते काय आहे हे कळण्याआधी दुसरं दार शोधणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी धोकादायक आहे. उलट अनुभवी माणसाला दुसरी दारं जास्त ठाऊक असतात, म्हणून तो अधिकच धोकादायक.

इटॅनियम प्रोसेसरांची शेवटची खेप इंटेलने 2021च्या जुलैमध्ये पाठवली. एचपी-यूएक्सचा नियमित आधारही 2025 अखेर संपला. ती कपाटं भंगारात जातील. पण आजही कुणीतरी कुठल्यातरी पडद्यावर एखादा पत्ता टाइप करतो आहे आणि पडदा त्याला विचारतो आहे, ऑन की ऑफ? मालक कोण ते पडदा आजही सांगेलच असं नाही.

त्या सेलमधली खराब मेमरी आम्ही पुढच्या शुक्रवारी बदलली. त्याआधी दुपारी मी दोन्ही दारांवरची स्टिकरं नखाने खरवडून काढली. त्यांचा डिंक निघायला बराच वेळ लागला. नवी लावली: 0 आणि 1.

रात्री पोरगा कळफलकावर बसला, मी त्याच्या खांद्यामागे. व्हीएफपीवर चारही सेल थांबलेले दिसले. पारस्टेटसने त्यांचा मालक सांगितला. मग त्याने फ्रूलेड दिली. हॉलमध्ये दिवा लुकलुकायला लागला. फील्ड इंजिनिअरने त्यावर बोट ठेवलं.

“कपाट शून्य, स्लॉट सहा.”

“कपाट शून्य, स्लॉट सहा,” पोराने पडद्यावरून वाचलं.

मामा दारात उभे होते. “लाइन क्लिअर घेतलं का?”

मी उत्तर देणार तेवढ्यात पोरगाच म्हणाला, “घेतलंय, मामा. चाचणीची आहे.”

मग त्याने फ्रूपॉवर दिली. या वेळी तिने हरकत घेतली नाही.